उंदराला टेन्शन आलंय हे कसं मोजतात?

तुमच्या आईसाठी आणलेल्या चूर्णाच्या डबीवर 'प्राण्यांवरील चाचणीत सिद्ध' असं छापलंय, तर उंदराची चिंता मोजतात तरी कशी, असं तुम्ही विचारलंय. मी इथं सोलापुरात फार्मसीच्या पोरांना फार्माकॉलॉजी शिकवतो, त्यांच्या प्रोजेक्टला हीच टेस्ट असते म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त चालते ती एलिव्हेटेड प्लस मेझ. जमिनीपासून अर्धा मीटर उंच, अधिकच्या चिन्हासारखा सांगाडा, समोरासमोरच्या दोन बाजूंना भिंती आणि दोन बाजू उघड्या. उंदीर मधोमध सोडायचा आणि 5 मिनिटं बघायचं. त्याला नवीन जागा हुंगत फिरायचं पण असतं आणि उघड्यावर जायची भीती पण वाटते, ती ओढाताण मोजायची. औषध न दिलेला उंदीर भिंतीच्या आडोशालाच जास्त थांबतो, मधेच उघड्या बाजूच्या तोंडाशी येतो, मागचे पाय आतच ठेवून अंग लांब ताणतो, हुंगतो आणि झटकन मागं फिरतो. डायझेपाम हे चिंता कमी करणारं औषध दिलेला मात्र पार टोकापर्यंत जाऊन खाली डोकावतो.

खरी मेख पुढंच आहे. डोस जास्त झाला की उंदीर पेंगतो, म्हणून बंद बाजूत किती फेऱ्या मारल्या तेही मोजावंच लागतं, आणि नुसती पळापळ वाढवणाऱ्या औषधानं उघड्यावरच्या फेऱ्यापण वाढू शकतात. तोच उंदीर दुसऱ्यांदा सोडला तर डायझेपामचा परिणाम बऱ्याचदा दिसतच नाही. आपल्याकडं मे महिन्यात लाईट जाऊन अ‍ॅनिमल हाऊसचा एसी बंद पडला की त्या दिवशी मी टेस्ट घेऊच देत नाही, उकाड्यानं बेजार झालेल्या जनावराचे आकडे काय कामाचे?

अजून एक, 1985 च्या सुमारास ही टेस्ट पक्की झाली ती डायझेपामच्या जातीच्या औषधांवर, त्यामुळं तसली औषधं ती बरोबर पकडते, पण आज डॉक्टर चिंतेसाठी आधी देतात त्या एसएसआरआय (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या) गोळ्या किंवा बस्पिरोन हे चिंतेवरचंच दुसरं औषध, यांचा परिणाम तिच्यात कधी दिसतो कधी नाही. एसएसआरआयच्या एकाच डोसनं तर उंदीर कधीकधी जास्तच बिचकतो, माणसातपण त्या गोळ्या लागू पडायला काही आठवडे जातातच की.

तेव्हा कंपनीला सरळ विचारा, कुठला अर्क, किती डोस, आणि माणसांवर प्लासिबोसोबत, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी तुलना करून, ट्रायल झालीय का. आणि आईंना डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या या चूर्णाच्या भरवशावर बंद करू नका प्लीज, डायझेपामसारखी गोळी बरेच दिवस चालू असेल आणि एकदम सोडली तर झटकेसुद्धा येऊ शकतात, ती डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायची असते.