फेट बघायचंय, पण सुरुवात कुठून?

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि लहान बहीण दहावीला. नारुतो दोघांनी मिळून संपवलं, आता फेट ही अ‍ॅनिमे सिरीज घ्यायचीय पण यादी बघूनच डोकं फिरायलंय. स्टे नाईट दोनदा, झिरो वेगळंच, परत सिनेमे, वर ग्रँड ऑर्डर. पुण्याचा आत्येभाऊ म्हणतो झिरोची गोष्ट दहा वर्षं आधीची म्हणजे तेच आधी बघायचं. कॉलेजातला मित्र म्हणतो झिरो आधी बघितलंस की सगळी मजा गेली. कोणाचं ऐकू? आणि बहिणीसोबत बघण्यासारखं आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मित्राचं ऐक.

का ते सांगते, कारण एकदा हा घोळ कशाने झालाय ते कळलं की यादीची भीती वाटत नाही. फेट मुळात अ‍ॅनिमे नाहीच, तो २००४ चा गेम आहे, टाइप-मून या जपानी कंपनीचा, किनोको नासूने लिहिलेला, आणि तो मारामारीचा गेम नाही तर वाचायचा, म्हणजे स्क्रीनवर चित्रं आणि मजकूर येत जातो आणि मधेमधे हिरोने काय करायचं ते आपण ठरवायचं. फुयुकी नावाचं शहर, सात जादूगार, प्रत्येकाने इतिहास-पुराणातला एकेक वीर बोलावलेला आणि शेवटी जो उरेल त्याची इच्छा पुरी होणार. आता हेच युद्ध गेममध्ये तीन वेगवेगळ्या वाटांनी जातं. आपल्याकडं चादरीच्या मागावर बघितलं असशील ना, ताणा तोच असतो पण जकार्डची कार्डं बदलली की खाली डिझाईन दुसरंच उतरतं, अगदी तसं. माणसं तीच, सुरुवातीचे दिवस जवळपास तेच, आणि मग एका गोष्टीत जी मुलगी कोपऱ्यात उभी असते तीच दुसऱ्या गोष्टीत मधोमध येते. म्हणून "हे तर बघितलंय की" म्हणून दुसरं सोडू नका, ते रिमेक नाही.

आणि मेन मुद्दा हा की गेम तुला क्रम निवडूच देत नाही. पहिल्या वाटेचं नावही फेटच, ती संपली की अनलिमिटेड ब्लेड वर्क्स उघडते, मग हेवन्स फील. कुठली गोष्ट आपल्याला कधी कळावी ते लेखकानेच ठरवून ठेवलंय.

झिरो नंतर आलं. गेन उरोबुचीने ते २००६-०७ मध्ये कादंबरी म्हणून लिहिलं, गेम खेळलेल्या लोकांसाठी, त्यामुळे तो काहीच झाकून ठेवत नाही. या युद्धातले वीर सहसा स्वतःचं नाव सांगत नाहीत, सेबर, आर्चर, लान्सर असंच म्हणायचं, कारण नाव कळलं की कमजोरी कळली. सेबर कोण हे पहिल्या वाटेत किती जपून ठेवलंय आणि झिरोमध्ये ते पहिल्याच एपिसोडपासून उघड आहे. पुढं काय होणार ते आपल्याला माहिती असतं आणि त्या बिचाऱ्यांना नसतं, झिरो काळजाला लागतं ते याच्यामुळेच.

मी स्वतः झिरो आधी बघितलं होतं. आवडलं, खूप आवडलं, पण नंतर हेवन्स फीलमध्ये एका मुलीच्या घरातली गोष्ट जी हळूहळू उलगडत जाते ती मला आधीच माहिती होती, आणि ते पहिल्यांदा कळणं मला आता कधीच मिळणार नाही याचं आजही वाईट वाटतं. म्हणून एवढं कळकळीने लिहितेय.

तर सुरुवात २००६ च्या फेट स्टे नाईटपासून कर, २४ एपिसोड. बरेच जण हे सोडा म्हणतात, खरंय, अ‍ॅनिमेशन जुनं आहे आणि दुसऱ्या वाटांचे तुकडे मधे घुसवलेत, पण सेबरची स्वतःची वाट, म्हणजे ती पहिली, अ‍ॅनिमेमध्ये फक्त इथेच आहे, ती टाळून पुढं जाणं मला पटत नाही. मग युफोटेबल स्टुडिओचं अनलिमिटेड ब्लेड वर्क्स, २०१४-१५ चं, यात एपिसोड शून्य पण आहे तो सोडू नका, रिन या जादूगार मुलीच्या बाजूने सांगितलाय आणि एकूण २६ होतात. आर्चर त्या हिरोवर एवढा का चिडतो ते इथं कळतं. मग हेवन्स फीलचे तीन सिनेमे, २०१७, २०१९, २०२०. इथून सुरुवात का नाही करायची ते पहिल्याच सिनेमात दिसेल, युद्धाची सगळी सुरुवात तो टायटल चालू असतानाच भराभर उरकतो, आपल्याला माहितीच आहे असं धरून. आणि सगळ्यात शेवटी झिरो, २५ एपिसोड, निवांत बघ.

ग्रँड ऑर्डर, अपोक्रिफा, प्रिझ्मा इलिया ही वेगळ्या जगातली आहेत, आत्ता नको. झिरोमधला वेव्हर आवडला तर तेवढी लॉर्ड एल-मेलोईची २०१९ ची सिरीज घे, त्यात तोच मोठा होऊन शिकवताना भेटतो.

आता बहिणीचं. पहिल्या दोन सिरीज सोबत बघा, रक्त आहे पण नारुतोनंतर जमेल. हेवन्स फील तिच्यासोबत नको, त्यात घरातल्या मुलीवरचा अत्याचार आहे, आणि झिरोमध्ये लहान मुलांना मारतात ते मलाच सहन झालं नव्हतं. ती मोठी झाली की बघेल. त्याऐवजी २०१८ चं हिरोच्या, म्हणजे एमियाच्या, घरच्या स्वयंपाकाचं आहे, १३ छोटे एपिसोड, युद्धबिद्ध काही नाही, तीच माणसं शिजवतात आणि एकत्र बसून जेवतात. ते रात्री जेवताना लावा, शेंगा चटणी आणि कडक भाकरी पुढ्यात घेऊनच, कारण बघून भूक लागतेच.

एक मात्र कटाक्षाने पाळा. सगळं संपेपर्यंत कुठल्याही पात्राचं नाव गूगलवर टाकू नका. "फेट आर्चर" एवढं टाइप केलं तरी खाली सजेशनमध्येच त्याची खरी ओळख येते, आणि फॅनआर्टचं पण तसंच. कोणाचं नाव आठवेना तर मित्राला फोन कर, आत्येभावाला नको.