चुका झाल्या की केल्या?

"मॅडम, मी प्रभूकडे रोज क्षमा मागतो पण मिळाली असं वाटतच नाही." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहायलाच बसले. शरणपूरच्या मावशी म्हणतात, नाशिकरोडची कॉलेजची पोरं म्हणतात, परवा तर चर्चच्या एका पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, घरातून फोन आला. एकाच काकांचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

काका साठी ओलांडलेले, रिटायर, माझ्याकडे समुपदेशनाला आले होते झोप लागत नाही म्हणून. तिसऱ्या भेटीत कळलं की चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायच्या भाकर-द्राक्षारसाचा, ट्रे त्यांच्यापर्यंत आला की ते हात न लावता पुढे सरकवतात, सहा वर्षं झाली. घरी सांगितलंय अ‍ॅसिडिटी होते. शुक्रवारचा उपास, रात्री दोन-दोन तास गुडघ्यावर, गुडघ्यांना काळे घट्टे पडलेले.

"अयोग्य प्रकारे घेतलं तर दंड लागतो ना मॅडम, बायबलमध्ये पौलानं लिहिलंय करिंथकरांना."

"त्याच्या मागचं वाक्य वाचलंत का काका? स्वतःची परीक्षा करा आणि मग खा असं आहे, खाऊ नका असं नाहीये."

ते गप्प. मग म्हणाले, "शेजारी म्हणतो गंगेवर जाऊन रामकुंडात डुबकी मारली की मोकळं. आमच्यात काय आहे असं?"

आता हा प्रश्न गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या नाशिकमध्येच पडू शकतो, आणि मला तो खूप खरा वाटला. ख्रिस्ती श्रद्धेत डुबकीच्या जागी वधस्तंभ आहे, जे करायचं ते एकदाच आणि दुसऱ्यानं केलेलं. जुन्या करारात, लेवीय 16 मध्ये, प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे असायचे, एकाचा बळी, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर याजक हात ठेवून लोकांची पापं कबूल करायचा आणि त्याला रानात सोडून द्यायचे. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात म्हटलंय की ते यज्ञ दरवर्षी पुन्हा करावे लागायचे, ख्रिस्ताचं अर्पण एकदाच आणि कायमचं. काका मात्र तो बकरा रोज रात्री रानातून परत आणून दाराशी बांधत होते.

हे मी त्यांना सांगितलं, त्यांना पटलंही, पण काही फरक पडला नाही. डोक्याला पटून मन मोकळं होत नाही हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवातून सांगते, त्यामुळे बायबलमधलं वचन दाखवलं की काम झालं असं समजणाऱ्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, थोडं थांबा, आधी ऐका.

पाचव्या भेटीत मी विचारलं, "रोज नक्की कोणत्या शब्दांत क्षमा मागता?"

"प्रभू, माझ्या पापांची क्षमा कर."

"कोणत्या पापांची?"

कागद दिला. बराच वेळ पेन फिरवत बसले, मग लिहिलं, 'माझ्याकडून चुका झाल्या.'

मी फक्त एका शब्दावर बोट ठेवलं. "झाल्या, की केल्या?"

बाहेर सिंहस्थाच्या कामासाठी खोदलेल्या रस्त्यावर जेसीबी चालू होता, तेवढाच आवाज. काकांनी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'मी माझ्या धाकट्या बहिणीला बँकेचा कागद सांगून प्लॉटच्या हक्कसोडपत्रावर सही करायला लावली.' आणि पेन खाली ठेवून ढसाढसा रडले.

त्या क्षणी मला बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातला तो शब्द लख्ख कळला, जो लहानपणापासून ऐकत आले होते. आपल्या मराठी बायबलात पापं 'कबूल करणं' नाही म्हटलेलं, पापं 'पदरी घेणं' म्हटलंय! काका सहा वर्षं क्षमा मागत होते पण पाप पदरात घेतच नव्हते, नाव नसलेल्या पापाची क्षमा मनाला पोचणार कशी. अपराधाची बोच वेगळी आणि 'मी माणूसच वाईट' ही लाज वेगळी. बोच तुम्हाला ज्याचं बिघडवलं त्याच्याकडे नेते, लाज तुम्हाला कोपऱ्यात बसवते. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं येशूला ओळखत नाही म्हणून नाकारलं आणि तो रडला पण परत आला, येशूला पकडून देणाऱ्या यहूदानं चांदीची तीसही नाणी परत टाकली तरी एकटाच राहिला, माझ्या मते फरक इथे आहे.

"म्हणजे प्लॉट परत दिला की क्षमा मिळेल?"

"उलटं आहे काका. येशू त्या लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयच्या घरी राहायला निघाला आधी, चौपट परत देतो असं जक्कय म्हणाला नंतर."

यावर ते पहिल्यांदा हसले.

एक सांगते, सगळ्यांची गोष्ट अशी नसते. काहींनी खरंच काही केलेलं नसतं, तरी तीच शंका दिवसात पन्नास वेळा येते, तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करतात. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन लूथर मठात असताना तासन्‌तास पापनिवेदन करायचा, तरी चैन पडायची नाही. अशांना दर वेळी 'झाली हो क्षमा' म्हणून समजावत राहिलं की शंका वाढतच जाते. तिथे मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे.

बहिणीकडे काका एकटेच गेले. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं दादा," आणि आत निघून गेली. क्षमा केली असं काही म्हणाली नाही. काका मला म्हणाले, तिला वेळ लागू दे, माझी घाई नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, जमिनीचे दस्त नोंदवतात त्या दुय्यम निबंधकांच्या ऑफिसातून, नंबर यायचा होता. "मॅडम, ती आलीये. बोलत नाहीये. पण शेजारच्या खुर्चीवर बसलीये."