पहिली स्फटिकाची मूठ घेताना

दाराची स्फटिकाची, म्हणजे शिसं मिसळलेल्या चकचकीत काचेची, जुनी फ्रेंच मूठ दिसली की विकणारा ‘बाकारा’ म्हणणारच. फ्रान्सच्या लॉरेन भागातला हा काचेचा कारखाना १७६४चा, पण प्रत्येक वस्तूवर त्यांचा शिक्का यायला १९३६ उजाडलं. म्हणजे शिक्का नसलेली मूठ त्यांची असूही शकते, पण पुराव्याशिवाय नावाचे जादा पैसे देऊ नका.

त्यापेक्षा मूठ हातात घ्या. शिसं असलेली ही काच आकाराच्या मानाने जड लागते. पैलूंवरून बोट फिरवा. हाताने कापलेली कड धारदार असते, साच्यातली गोलसर. साच्याची शिवण बहुधा नखाला लागते.

मी मात्र सगळ्यात आधी पितळी कडं बघतो. काच त्यात लुकणासारख्या मसाल्याने बसवलेली असते. हलकेच पिळून पाहा, डुगडुगली तर भाव कमी करून घ्या. अशी मूठ गरम पाण्यात कधीच बुडवू नका, जोड सुटतो आणि काच तडकते. ओलसर मऊ फडकं पुरे. पितळ घासून चकचकीत करण्याचा मोह तर टाळाच, तो जुना रंग परत येत नाही.

दारावर बसवायची असेल तर मुठीतून दारात जाणाऱ्या चौकोनी दांड्याची जाडी मोजा. फ्रान्समध्ये ती बहुधा ७ मिमी असते. आणि गोल मूठ उन्हाच्या खिडकीत ठेवू नका: ती भिंगासारखं ऊन एकवटते, पडदा पेटू शकतो.