सोलापुरात सापडलेलं वाळवंटाचं ऑइल पेंटिंग: आधी मागची बाजू बघा

आजोबांच्या घरातलं वाळवंटाचं जुनं ऑइल पेंटिंग पुसून नवी फ्रेम करावी का आणि ते राजस्थानचं असेल का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता काहीच पुसू नका, बटाट्याची फोड फिरवा वगैरे कुणी सांगितलं तरी नको, आणि फ्रेमवाल्याकडे तर नेऊच नका कारण तो आधी मागचा पुठ्ठा काढून फेकतो आणि चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं याचा पुरावा बहुतेक तिथंच असतो.

फोटोत उजवीकडे हात वर केल्यासारखा जो उंच निवडुंग दिसतोय तो सग्वारो, तो राजस्थानात उगवत नाही, तो ॲरिझोना आणि मेक्सिकोतल्या सोनोराकडचा. म्हणजे देखावा तिकडचा. चित्र तिथंच बसून काढलं असं मात्र यावरून ठरत नाही, छापील चित्र बघून रंगवणारेही भरपूर होते.

खरी गंमत लेबलात आहे. कॅनव्हास ताणलेल्या लाकडी पट्टीवर 'लॉस एंजेलिस 14' लिहिलंय ना, तो 14 म्हणजे टपालाचा झोन. तिकडच्या मोठ्या शहरांत हे झोन 1943 ला आले आणि 1963 ला पाच आकडी झिप कोड सुरू झाला, म्हणजे लेबल साधारण त्या वीस वर्षांतलं. पुठ्ठ्यावर सोलापूरच्या फ्रेमवाल्याचं लेबल आहे, त्यावर 413001 आहे आणि आपल्याकडे पिन कोड आला 1972 ला, त्यामुळे ते लेबल त्यानंतरचं. पण ते फ्रेमिंगचं वय झालं, चित्र त्याआधीच घरात असू शकतं.

राहिला प्रश्न मधल्या काळाचा. मामा म्हणतात अमेरिकन मिशनच्या बाईंनी परत जाताना दिलं. अमेरिकन मराठी मिशनचं सोलापुरात जुनं काम होतं त्यामुळे शक्य आहे, मला तर पटतंय, पण शक्य आहे म्हणजे झालंच असं नाही. मामांना निवांत बसवून रेकॉर्ड करा, त्यांनी स्वतः बघितलं की आजीकडून ऐकलं हे नक्की विचारा आणि ऐकीव असेल तर ऐकीव असंच लिहा, विकताना सुद्धा. घरातले लग्नाचे, बारशाचे जुने फोटो काढा, मागच्या भिंतीवर हे चित्र दिसलं आणि फोटोमागे तारीख असली तर त्याच्याइतका पक्का पुरावा नाही.

सहीचा फोटो बाजूनं तिरपा टॉर्च मारून काढा, समोरून फ्लॅश नको, चमक येते. पुसट अक्षरं त्यात उठून दिसतात, तो इथं टाका मग पुढचं बघू. आणि तोवर पश्चिमेच्या भिंतीवरून उतरवून ठेवा, आपल्या एप्रिल-मेमध्ये ती भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली असते.