नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी टीव्हीची सेटिंग बघा

तुम्ही पीसी हॉलमधल्या टीव्हीला जोडून गेम खेळता आणि तुमच्या तीन तक्रारी आहेत. बटण दाबल्यावर गेममधलं पात्र जरा उशिरा हलतं. विंडोजचा टास्कबार खालून अर्धा कापला जातो. आणि मॉनिटरवर रेखीव दिसणारी अक्षरं टीव्हीवर फिसकटल्यासारखी दिसतात. टीव्ही ५५ इंची ४के, कार्ड आरटीएक्स २०६०, पीसी एरवी बेडरूममध्ये असतो आणि सुट्टीच्या दिवशी तो उचलून हॉलमध्ये आणता. आणि विचारताय की आता नवं कार्ड घ्यावं का. या तिन्हींपैकी एकही तक्रार कार्डाची नाही. उद्या सगळ्यात महागडं कार्ड लावलंत तरी टास्कबार तेवढाच कापला जाईल. जखम मांडीला आणि मलम शेंडीला असला प्रकार होईल तो.

टीव्ही बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की समोर सिनेमा किंवा मॅच चालू असणार. चित्र सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा आलं तर सिनेमा बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून टीव्ही तो वेळ चित्र घासून-पुसून गुळगुळीत करण्यात घालवतो. त्यातलं सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे हालचाल गुळगुळीत करणं. दोन फ्रेमच्या (व्हिडिओतल्या एकेका स्थिर चित्राच्या) मधली एक नवी फ्रेम रचायची तर पुढची फ्रेम आधी हातात यावी लागते, म्हणजे टीव्हीला थांबावंच लागतं. सिनेमात आवाजही तेवढाच मागे ठेवला की भागतं. गेममध्ये तुमचा अंगठा मागे ठेवता येत नाही.

यावर उपाय 'गेम मोड'. हे तुम्हाला कुणीतरी आधीच सांगितलं असेल आणि तुम्ही 'लावलाय की' म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. दोन आठवडे मी कंट्रोलरला शिव्या घातल्या, बॅटऱ्या बदलल्या, वायरने जोडून पाहिला. शेवटी फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने, सेकंदाला २४० फ्रेमने, माझा अंगठा आणि टीव्ही एकाच चौकटीत येतील असा व्हिडिओ घेतला. मग अंगठा खाली टेकल्यापासून पात्राचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंतच्या फ्रेम एकेक करून मोजल्या. ४४ भरल्या. एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ १८५ मिलिसेकंद. सेटिंगमध्ये परत गेलो तर गेम मोड चालूच होता, पण एचडीएमआय १ या पोर्टवर. माझी केबल ३ मध्ये होती. बऱ्याच टीव्हींवर चित्राची सेटिंग प्रत्येक पोर्टची वेगळी असते, हे मला त्या दिवशी कळलं. ३ वर गेम मोड लावून पुन्हा मोजल्या: १९. म्हणजे शंभरेक मिलिसेकंद कमी झाले, ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० चित्रांच्या) हिशोबात सहा फ्रेम. उरलेल्या १९ मध्ये कंट्रोलर, गेम आणि पीसी यांचाही वाटा आहे, सगळा दोष टीव्हीचा नाही.

टीव्हीने सिग्नल ओळखून स्वतःच गेम मोड लावायची सोय नव्या टीव्हींमध्ये असते, एएलएलएम नावाची. कन्सोलबरोबर (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स) ती छान चालते. पीसीबरोबर तिच्यावर विसंबू नका, हाताने लावा. आणि तुम्ही केबल ज्या पोर्टला लावताय त्याच पोर्टवर लावा.

आता कापला जाणारा टास्कबार. हा काचेच्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळातला वारसा. ट्यूबच्या कडेला चित्र नीट येत नसे, म्हणून ते मुद्दाम थोडं ताणून कडा चौकटीबाहेर ढकलत. ट्यूब गेली, सवय राहिली. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. सॅमसंगवर 'फिट टू स्क्रीन', एलजीवर 'जस्ट स्कॅन', सोनीवर डिस्प्ले एरिया 'फुल पिक्सेल' असं शोधा. तुमच्या मॉडेलवर शब्द थोडे वेगळे असतील, पण चित्राच्या आकाराच्या मेनूतच सापडेल. काही जण ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमधून चित्र बारीक करून टास्कबार आत आणतात. ते करू नका. मग कार्ड चित्र आकसवतं आणि टीव्ही पुन्हा ताणतो. दोन्हीकडून पिक्सेलची वाट लागते, आणि अक्षरं पुसट व्हायचं निम्मं कारण तेच असतं. पिक्सेलला पिक्सेल जुळला की एका दगडात तुमच्या दोन तक्रारी जातील.

अक्षरांचा उरलेला पुसटपणा रंगांमुळे येतो. डोळ्याला उजेडातला फरक बारकाईने कळतो, रंगातला तेवढा नाही. म्हणून व्हिडिओत रंगाची माहिती काटकसरीने ठेवतात. ४:२:० पद्धतीत चार पिक्सेलना मिळून रंगाचा एकच नमुना असतो. चेहरे आणि झाडं यांत काही बिघडत नाही, पण काळ्यावर लाल किंवा निळी बारीक अक्षरं लिहून बघा, कडा ओघळल्यासारख्या दिसतील. सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हीवर त्या पोर्टचं नाव किंवा चिन्ह बदलून 'पीसी' करा, म्हणजे टीव्ही रंगाची पूर्ण माहिती, ४:४:४, दाखवायला लागतो. नुसतं नाव बदलल्याने चित्र बदलतं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थट्टा वाटली होती.

त्याबरोबर आणखी एक कुलूप उघडावं लागतं. कित्येक टीव्ही जुन्या उपकरणांना त्रास नको म्हणून एचडीएमआय पोर्ट मुद्दाम कमी क्षमतेवर ठेवतात. एलजीवर 'एचडीएमआय डीप कलर', सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीवर 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' या नावाखाली ते खुलं करता येतं. तुमच्या कार्डावर एचडीएमआय २.० आहे. त्यातून सेकंदाला १८ गिगाबिट जातात आणि त्यात ४के, ६० हर्ट्झ, पूर्ण रंग, ८ बिट (रंगछटांची बारकाई) एवढं मावतं. १० बिट एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा आवाका दाखवणारं चित्र) आणि पूर्ण रंग दोन्ही ४के ६० ला एकदम मावत नाहीत, तिथे रंग थोडे कापावे लागतात. त्यामुळे एचडीआर लावल्याबरोबर डेस्कटॉपवरची अक्षरं बिघडली तर घाबरू नका.

एचडीआरबद्दल एवढंच: टीव्ही चांगला उजळ असेल तर विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टचं 'एचडीआर कॅलिब्रेशन' अ‍ॅप आहे, ते एकदा चालवा. टीव्ही साधा असेल तर एचडीआर बंद ठेवा, खोक्यावर काहीही छापलेलं असलं तरी. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा अंधारातलं सगळं गडप होत असेल तर कार्डाची रंगांची मर्यादा (फुल की लिमिटेड) आणि टीव्हीची ब्लॅक लेव्हल जुळत नाहीये. एका बाजूला बदला, झालं.

आता कार्डाकडे येतो, कारण एका गोष्टीत तुमची शंका खरी आहे. ४के म्हणजे ८३ लाख पिक्सेल, १०८०पी म्हणजे २१ लाख. चौपट काम. २०६० ला नवे गेम पूर्ण ४के मध्ये ओढायला लावणं म्हणजे छळ आहे. पण तसं करायची गरजच नाही. विंडोज ४के वरच ठेवा, म्हणजे अक्षरं स्वच्छ राहतील. गेममध्ये डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून देणारी एनव्हिडियाची सोय) असेल तर 'परफॉर्मन्स' निवडा. तो आत १०८०पी मध्ये चित्र काढतो आणि ४के रचून देतो, आणि २०६० ला ते जमतं. नसेल तर एफएसआर (तशीच एएमडीची सोय), तेही नसेल तर गेमच्या सेटिंगमधलं रेझोल्यूशन स्केल ६०-७० टक्क्यांवर. टेबलावर, दोन फुटांवरून हा फरक टोचतो. सोफ्यावरून, अडीच मीटरवरून मला तो सांगता येत नाही, आणि माझी नजर बरी आहे. कन्सोलसुद्धा पुष्कळदा हेच करतात, फक्त बोलून दाखवत नाहीत. टीव्ही १२० हर्ट्झचा असेल तर १४४०पी, १२० हर्ट्झ हे एचडीएमआय २.० मधून जातं, पण टीव्हीने ते स्वीकारायला हवं. वेगवान गेमसाठी मी ४के ६० पेक्षा तेच निवडेन.

पुढेमागे कार्ड बदललंतच तर एक लक्षात ठेवा. ४के १२० साठी एचडीएमआय २.१ लागतं, ते आरटीएक्स ३० मालिकेपासून आणि एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेपासून पुढे आहे. टीव्हीवर मात्र चारपैकी दोनच पोर्ट त्या क्षमतेचे असणं सर्रास आढळतं, आणि काही मॉडेलवर त्या दोनांतला एक साउंडबारला आवाज पाठवायचाही (ईएआरसी) असतो. म्हणजे साउंडबार आणि एक कन्सोल घरात असेल तर पीसीला जागाच उरत नाही. घेण्याआधी टीव्हीच्या पाठीमागे टॉर्च मारून पोर्टाशेजारची अक्षरं वाचा.

पीसी उचलून नेण्याबद्दल. थांबवा ते. भिंतीपलीकडेच बेडरूम असेल तर लांब केबल हा माझ्या मते सगळ्यात उत्तम मार्ग. तांब्याची साधी केबल तीन-चार मीटरपर्यंत निभावते, दहा मीटरवर ४के ६० ला कुरकुर करते: पांढरे ठिपके चमकतात, किंवा मधूनच सेकंदभर पडदा काळा होतो. तेवढ्या अंतराला ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं असतं, ते पीसीकडे, आणि 'डिस्प्ले' टीव्हीकडे. मी ती भिंतीतल्या पाइपातून ओढली, कडेने पट्टी मारली, सोफा जागेवर लावला, आणि टीव्हीवर 'सिग्नल नाही'. उलटी ओढली होती. तेव्हा भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून एकदा चालवून बघा.

केबल शक्य नसेल तर घरातल्या नेटवर्कवरून स्ट्रीमिंग, म्हणजे गेम पीसीवर चालतो आणि चित्र टीव्हीकडे जातं. पीसीवर सनशाइन आणि टीव्हीवर किंवा टीव्हीच्या बॉक्सवर मूनलाइट ही अ‍ॅप, नाहीतर पीसीवर स्टीम (गेमचं दुकान आणि लाँचर) आणि टीव्हीकडे स्टीम लिंक अ‍ॅप. दोन्ही फुकट आहेत. पीसी राउटरला वायरने जोडलेला असलाच पाहिजे, यात तडजोड नाही. वाय-फायवर दोन्ही टोकं ठेवून 'अडकतंय' म्हणणाऱ्यांना मी आता उत्तर देणं सोडलंय. टीव्हीही वायरने जोडा. त्याचा पोर्ट १०० मेगाबिटचाच असला तरी चालतं, ४०-५० मेगाबिटमध्ये चित्र छान येतं. गोष्ट सांगणारे, शोध घेणारे, गाड्यांचे गेम मजेत खेळता येतात. मारामारीचे आणि तालावर बटण दाबायचे गेम मी स्ट्रीमिंगवर खेळत नाही.

राहिला कंट्रोलर. पीसी बेडरूममध्ये आणि तुम्ही हॉलमध्ये, तर मधल्या भिंतीतून ब्लूटूथ अडखळणार. आधी पीसीच्या मागे बघा, वाय-फायवाल्या मदरबोर्डाचे अँटेना लावलेत का. निम्म्या घरांत ते खोक्यातच पडून असतात आणि लोक कंट्रोलरला दोष देतात, चोर सोडून संन्याशाला फाशी. ब्लूटूथचा छोटा डोंगल असेल तर तो यूएसबी ३ च्या पोर्टाशेजारी खोचू नका, त्या पोर्टांचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो. एक्स्टेंशन लावून डोंगल हॉलच्या बाजूला आणा.

सोफ्यावर बसल्यावर स्टीमचं 'बिग पिक्चर' वापरा, कंट्रोलरवरच्या मधल्या बटणाने उघडतं आणि सगळी अक्षरं लांबून वाचता येतात. तरीही टचपॅडवाला एक छोटा वायरलेस कीबोर्ड जवळ ठेवाच. गेमच्या मागे कुठल्यातरी लाँचरची (गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) खिडकी उघडते, विंडोजचं लक्ष तिकडे जातं, आणि तुम्ही बटणं दाबत बसता, पात्र मख्ख उभं. तेव्हा ऑल्ट-टॅब हाताशी लागतो. उशीवर माउस ठेवून डावपेचांचे गेम खेळायचा प्रयत्न मी केलाय. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असेल. ते गेम टेबलावरच राहू द्या.

आणि हो, पीसी चालू केल्यावर कन्सोलसारखा टीव्ही आपोआप चालू होत नाही. ग्राफिक्स कार्डांवर सहसा त्याची सोय नसते. रिमोट लागेलच.

आता आधी एकच करा. केबल ज्या पोर्टात आहे त्यावर गेम मोड लावण्याआधी आणि लावल्यानंतर, असे दोन स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि फ्रेम मोजा. दोन्ही आकडे आणि टीव्हीचं मॉडेल इथे टाका. आकडा खाली आलाच नाही तर पुढचं बघू.