धनेशाच्या ढोलीचे फोटो आणि झाडाखालच्या बिया

तुम्ही दोन प्रश्न टाकलेत, गुहागरच्या घरामागच्या बेहड्याच्या ढोलीत राखी धनेश पक्ष्याने घर केलंय त्याचे फोटो कसे काढू, आणि पावसाआधी नर्सरीसाठी देशी झाडांच्या बिया कुठून जमवू. मला विचाराल तर दोन्हीचं उत्तर त्याच बेहड्यापाशी आहे.

आधी ढोली. शेजारच्या माडाला शिडी लावून पंधरा फुटांवरून फोटो, हा बेत रद्दच करा. आत मादी कोंडलेली आहे हो. ढोलीचं तोंड तिने आतून स्वतःच्या विष्ठेनेच लिंपून घेतलंय, चोच बाहेर निघेल एवढी उभी फट ठेवलीये, आणि आत बसल्यावर ती उडायची पिसंपण झाडते, त्यामुळे मनात आलं म्हणून बाहेर पडून पोट भरेल असंही नाही. कित्येक आठवडे सगळा संसार एकट्या नराच्या खेपांवर.

तेव्हा किती लांब बसायचं हे त्या नरालाच विचारा. मी साधारण चाळीस-पन्नास मीटरवर आडोशाला बसतो, पण आकडा महत्त्वाचा नाही. नर चोचीत फळ धरून बाजूच्या झाडावर येतो आणि तिथेच मान वाकडी करून बसून राहतो, ढोलीकडे जातच नाही, असं दिसलं की समजायचं आपण जवळ आहोत, गुपचूप उठून मागे जायचं. फ्लॅश नाही, मोबाईलवर त्याचा आवाज वाजवणं नाही, आणि मधे येणारी फांदी छाटणं तर मुळीच नाही (हे करणारे लोक मी बघितलेत, वर फोटोखाली निसर्गप्रेमी म्हणून लिहितात!). कायद्याचंही बघा, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कळीत करणं येतं. फोटो टाकलात तर पिलं उडून गेल्यावर टाका आणि लोकेशन काढून टाका, नाहीतर पुढच्या रविवारी अंगणात दहा गाड्या उभ्या.

आता बिया. ढोलीचं लिंपण फुटलं, पिलं उडाली, की त्याच झाडाच्या बुंध्याशी जाऊन बसा. धनेश मोठ्या बिया गर खाऊन तोंडातूनच परत टाकतो, आणि वड-उंबराच्या बारीक बिया विष्ठेतून पडतात, म्हणजे नराने आजूबाजूच्या रानातून काय काय आणलं त्याची सगळी यादी खाली पडलेली असते. आपल्याकडे काजऱ्याची बी हमखास सापडते, चपटी, राखाडी, रेशमी लव असलेली बी, अगदी कोटाचं बटण. अगदी जवळून काढायच्या (मॅक्रो) फोटोला याच्याइतकं देखणं काही नाही, तिरप्या उन्हात ती लव चमकते. पण ती बी जहाल विषारी आहे, पोरांपासून लांब ठेवा, हात धुवा. बाजूला पट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवून एक फोटो काढाच, आणि वर नजर टाकून काजऱ्याचं झाड जवळपास कुठे दिसतंय का बघून त्याच्या पानाचा, सालीचा पण काढा, नुसत्या बीवरून ओळखायला लोक गोंधळतात.

नर्सरीसाठी सगळं झाडून गोळा करू नका, उंदीर-घुशी आणि माती यांचाही वाटा असतो. मला तर बियांपेक्षा रोपं बरी वाटतात. जुलैत त्या बेहड्याखाली दाटीने रोपं उगवतात, तिथल्या सावलीत बहुतेक मरणारच असतात, ती मुळाच्या मातीसकट उचलून पिशवीत लावा. बाकी जांभळाची बी ताजीच पेरायची, सुकवून डब्यात ठेवलीत तर फुकट जाते. बहाव्याचं उलट, कवच इतकं टणक की पॉलिश पेपरवर घासून, रात्रभर भिजवून मगच लावायची. पळसाच्या शेंगा मे महिन्यात बांधावर मिळतील, काटेसावरीची बोंडं मात्र त्याआधीच फुटून कापूस उडायला लागतो, त्यावर आधीपासून नजर ठेवा. अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काही उचलायचं नाही, तुमच्या स्वतःच्या आवारात अर्थातच प्रश्न नाही.

आणि हो, तो बेहडा पोकळ झालाय म्हणून तोडायचं घरात चाललंय असं तुम्ही शेवटी लिहिलंय, ते आधी थांबवा. अशा ढोल्या जुन्या झाडांनाच असतात आणि धनेश स्वतः ढोली कोरत नाही, चांगली मिळाली तर पुढच्या वर्षीही तिथेच येतो.