एसी नाही, तरी बिल एवढं कसं?

प्रश्न : घरी एसी नाही, माणसं तीनच. तरी विजेचं बिल चढतंच आहे. कुठे बघू?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, आधी फ्रीजचं दार बघा. दहाची नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. आमच्याकडे खालच्या कोपऱ्यातून ती अलगद निघून आली. रबराच्या घडीत पीठ आणि तेलाचा चिकट थर बसला होता! कोमट साबणपाण्यात फडकं बुडवून पुसलं, घडी बोटाने सरळ केली, मग नोट घट्ट धरली गेली. तोवर गार हवा गळत होती आणि कॉम्प्रेसर उगाच राबत होता. फ्रीज भिंतीला चिकटवूही नका, मागची उष्णता कोंडते.

दुसरा गीझर. २००० वॉटचा असेल तर अर्धा तास तापला की एक युनिट गेलं. आंघोळी लागोपाठ उरका, मग लगेच बंद करा. सेट-टॉप बॉक्सचंही बटण भिंतीवरूनच बंद करावं, रिमोटने तो फक्त झोपतो.

आणि उन्हाळ्यात संध्याकाळी खिडक्या उघडाच. माळव्याची रात्र अजून गार असते, ती घरात येऊ द्या.